इंग्रजीत वारलेली सासू

"येऊ नका म्हटलं ना आत्या. तिथं बघण्यासारखं काही नाहीये. चार बाकं आणि एक फळा."

"मग बाकं बघीन. मला काय, बूड टेकायला जागा मिळाली म्हणजे झालं."

"अहो, शुक्रवारी कुणीच कुणाला आणत नाहीये. तसं काही ठरलेलंच नाही."

"वॉचमन तर म्हणाला, घरचं एकेक माणूस आणायचंय. त्याची ओळख इंग्रजीतून करून द्यायची. बाईंनीच सांगितलंय म्हणे."

"त्याचं काय ऐकता? त्याला अजून घड्याळ वाचता येत नाही इंग्रजीत."

"मराठीत येतं की. शुक्रवारी तीन वाजता, म्हणाला."

सुनेनं इस्त्री उचलली, शर्टाच्या कॉलरवर ठेवली आणि नको तितकी दाबली. वाफ निघाली. त्या वाफेआड तोंड लपवून ती म्हणाली, "बघू शुक्रवारचं शुक्रवारी."

सासूला वर्गात येऊ न देण्याचं कारण साधं होतं. वर्गाच्या लेखी सासू मेलेली होती. मेली होती तीही मागच्या वर्षी, आणि तिला मारणारी ही सूनच होती.

दोघींचं कपडे इस्त्री करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून टेबल, टेबलावर घोंगडीची घडी, वर चादर. त्या चादरीला इतके चटके बसले होते की तिचा मूळ रंग कुठला हे दोघींनाही सांगता आलं नसतं. पुढं गल्ला आणि कपडे ठेवायची फळी, मागं पडद्याआड स्वयंपाक आणि झोप. मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, लांब कुठंतरी धरणाच्या कामावर मोठं यंत्र चालवायचा. रजा मिळाली की यायचा, आला की दोन दिवस झोपायचा आणि तिसऱ्या दिवशी जायचा. बाकी संसार या दोन बायकांचा. एकीनं कपडे घ्यायचे, द्यायचे, पाणी मारायचं, घड्या घालायच्या. दुसरीनं इस्त्री ओढायची. सासूचं उजवं मनगट सुजायला लागलं तेव्हापासून ओढायचं काम सुनेकडं आलं होतं.

पलीकडच्या चौकात गेस्ट हाऊस उघडलं आणि तिथले पाहुणे स्वतःच कपडे घेऊन दुकानात यायला लागले. त्यातल्या एकानं एकदा पातळ, झुळझुळीत जाकीट पुढं ठेवलं आणि हातवारे करून इंग्रजीत बरंच काही सांगितलं. सून हसून येस येस म्हणत राहिली. तो गेल्यावर तिनं त्यावर गरम इस्त्री फिरवली आणि जाकीट गोळा होऊन इस्त्रीला चिकटलं. तो माणूस नेमकं हेच सांगत होता, की याला इस्त्री लावू नका, नुसतं लटकवून ठेवा.

त्या दिवशी सासू म्हणाली, "तू ती वाचनालयावरची शाळा धर. दुपारची असते. माझी जीभ आता वळायची नाही, तुझी अजून ओली आहे."

"आणि इस्त्री कोण ओढणार?"

"हात तुटलाय का माझा? सुजलाय नुसता."

तेव्हापासून तीन वाजायला आले की म्हातारी स्वतः इस्त्री तिच्या हातातून काढून घ्यायची. "जा. मी उभी राहते." उजव्या मनगटाला फडकं बांधायची आणि डावा हात वर ठेवून दोन्ही हातांनी ओढायची. सून परतेपर्यंत ओढत राहायची.

वर्गात पाचसहा माणसं होती. एक केस कापणारा, एक बेकरीवाला, दवाखान्यातली एक आया, अशी. शिकवायला चष्मेवाली तरुण बाई. बाईंना आपली भाषा येते की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण उंबरा ओलांडला की इंग्रजी हा त्यांचा नियम. रोज दहाबारा शब्द घोकायला मिळायचे. सून ते इस्त्री ओढता ओढता घोकायची. गो वेंट, कम केम. ओढीला एक शब्द. पुढं गो, मागं वेंट. म्हातारी समोर बसून पाणी शिंपडायची आणि म्हणायची, "हळू बाई, त्या पँटी पळून जातील."

बाईंची शिकवायची एक पद्धत होती. फळ्यावर घडून गेलेल्या गोष्टींचे शब्द लिहायच्या. प्रत्येकानं एक उचलायचा आणि मागच्या वर्षी आपल्या घरी काय झालं ते त्या शब्दानं सांगायचं. सांगून झालं की बाई तो शब्द पुसून टाकायच्या, म्हणजे दुसऱ्याला उष्टा शब्द मिळायला नको. त्या दिवशी सून शेवटच्या बाकावर होती. केस कापणाऱ्यानं बॉट घेतला, आरसा विकत घेतला म्हणाला. बेकरीवाल्यानं ब्रोक घेतला. आयानं केम घेतला. एकेक पुसला गेला आणि तिची पाळी आली तेव्हा फळ्यावर एकच शब्द उभा होता. डाइड.

आता कोण मेलं मागच्या वर्षी? कुणीच नाही. सासरे गेले त्याला कितीतरी वर्षं झाली होती. त्या आठवड्यात नात्यागोत्याचे शब्द चालले होते आणि त्यातला मदर-इन-लॉ तिनं इस्त्रीवर इतका घासला होता की तो तोंडात नुसता तयार होता. जीभ सोप्या वाटेनं गेली.

"माय मदर-इन-लॉ डाइड लास्ट इयर."

कुठं अडखळली नाही, कुठं थांबली नाही. एवढं लांब वाक्य तिला पहिल्यांदाच एका दमात जमलं होतं. म्हणून ती हसली आणि बाई आता व्हेरी गुड म्हणतील म्हणून त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

बाईंनी खडू खाली ठेवला. बाकापाशी आल्या आणि तिचा हात हातात घेतला. हसणं त्यांना धीराचं वाटलं. सून घाबरून नो, नो म्हणाली. तो त्यांना हुंदका वाटला. हे नुसतं वाक्य आहे हो, माणूस घरी धडधाकट आहे, एवढंच सांगायचं होतं. मराठीत एका श्वासाचं काम. इंग्रजीत तिच्याजवळ त्यातला अर्धाही शब्द नव्हता. आयानं तोवर डोळे पुसले होते. एकदा दुसऱ्या माणसानं डोळे पुसले की मग तोंड उघडायचं कसं?

इथवर झालं ती चूक म्हणता येईल. पुढचं म्हणता येणार नाही.

त्या दिवसापासून तिला खिडकीजवळची, पंख्याखालची जागा मिळाली. उत्तर आलं नाही तर बाई मान हलवून पुढच्याकडं वळायच्या. मधल्या सुट्टीत आया स्वतःचा डबा तिच्यापुढं सरकवायची. तिच्याशी इतक्या हळू आवाजात आजवर कुणी बोललं नव्हतं. माहेरी ती पाठीला पाठ लावून आलेली चौथी मुलगी. हे नवंच होतं, आणि तिला ते आवडलं.

मग बाई म्हणाल्या, तिच्याबद्दल काही सांग. मन हलकं होईल, सरावही होईल. तिनं सांगितलं. शी वॉज टॉल. टॉल कसली, म्हातारी टेबलाच्या कडेएवढी. पण शॉर्ट हा शब्द त्या दिवशी आठवला नाही. शी वॉज अँग्री. शी शाउटेड. हे थोडं खरं होतं, कपडे फार ओले केले की म्हातारी ओरडायची. बाईंच्या कपाळाला आठी पडली, आया च् च् म्हणाली, आणि त्या च् च् नं तिची जीभ आणखी सैल झाली. शी डिड नॉट लाइक मी. शी डिड नॉट वर्क. आय वर्क्ड.

वर्क हा सोपा शब्द होता. ती हे बोलत होती तेव्हा घड्याळात साडेतीन झाले होते, आणि साडेतीनला म्हातारी कुठं उभी असते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वाक्य संपल्यावर तिची नजर घड्याळाकडं गेली. पण ती खाली बसली. उठून मागं घेतलं नाही.

घरी आली की म्हातारी विचारायची, "आज काय शिकलीस?"

"मागचंच. झालेल्या गोष्टी."

"झालेल्या गोष्टी कशाला शिकवतात? व्हायच्या शिकवा म्हणावं."

असे दिवस चालले होते. मग वर्गात वॉचमन आला. गेस्ट हाऊसच्या फाटकावर उभा राहणारा, गणवेश यांच्याच दुकानात टाकणारा, म्हातारीला मावशी म्हणणारा. पहिले काही दिवस त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण डाइड कळायला फार शिकावं लागत नाही. मंगळवारी बाईंनी घरच्या माणसांना आणायचं सांगितलं. बुधवारी त्या सुनेकडं वळून हळूच म्हणाल्या, तू एकटी आलीस तरी चालेल, तुझ्या सासूबाई नाहीत हे आम्हाला माहीत आहे. वॉचमननं मान वळवून तिच्याकडं बघितलं.

गुरुवारी तो गणवेश न्यायला आला. म्हातारी चहा ठेवायला पडद्याआड गेली तसा तो फळीवर वाकला.

"वहिनी, एक विचारू? परवा माझ्या शर्टाचं बटण मावशींनी लावलं. ते कुठून येऊन लावलं?"

"हळू बोला."

"हळूच बोलतोय. मेलेलं माणूस चहा चांगला करतं, एवढंच म्हणतोय."

"त्या दिवशी फळ्यावर दुसरा शब्दच नव्हता हो."

"आणि रोज?"

ती शर्टाची घडी उलगडून पुन्हा घालायला लागली.

"तुम्ही शुक्रवारचं त्यांना कशाला सांगितलंत?" ती म्हणाली.

"मला काय माहीत तुम्ही त्यांना पोचवून बसलाय. वर्गात सांगून मोकळ्या व्हा."

"एवढं इंग्रजी नाही मला येत."

"मारताना पुरलं की."

पडदा हलला. म्हातारी तीन पेले घेऊन आली. "कोण मेलं रे?"

"कुणी नाही मावशी. आमच्या फाटकावर उंदीर." वॉचमननं चहा उभ्यानंच संपवला आणि गेला.

शुक्रवारी सून अडीचलाच निघाली. जाताना म्हणाली, "कार्यक्रम रद्द झालाय आत्या. नेहमीसारखाच वर्ग आहे." म्हातारी बरं म्हणाली. तिनं फडकं मनगटाला बांधलेलं नव्हतं, हे सुनेनं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

वर्गात खुर्च्या गोल मांडल्या होत्या. केस कापणाऱ्यानं भावाला आणलं होतं, आयानं मुलीला. ओळखी चालल्या होत्या. धिस इज माय ब्रदर, ही वर्क्स इन अ शॉप. सगळे टाळ्या वाजवत होते. आणि दारात म्हातारी उभी राहिली.

इस्त्रीवाल्यांच्या अंगावरचे कपडे कायम चुरगळलेले. आज म्हातारीनं स्वतःच्या कपड्यांना इस्त्री केली होती, ठेवणीतल्या, आणि अशी की कडा हाताला लागाव्यात. भर दुपारी दुकानाला कुलूप घालून आली होती. धापा टाकत होती, जिना उंच होता. सगळ्यांकडं बघून हसली.

बाईंनी विचारलं, येस? आणि म्हातारीनं बोट केलं, सुनेकडं.

सून उठली. तिला त्या घटकेला दोन वाटा होत्या आणि दोन्ही तिला दिसत होत्या. वॉचमन मान खाली घालून बुटाकडं बघत होता.

"शी इज माय नेबर," ती म्हणाली.

म्हातारीचं हसू जागच्या जागी थांबलं. मदर-इन-लॉ काय आणि नेबर काय, तिनं दोन्ही शब्द पाणी शिंपडता शिंपडता अर्थासकट शेकडो वेळा ऐकले होते. इस्त्री जशी सुनेच्या हातून फिरत होती तसे शब्द म्हातारीच्या कानातून फिरत होते. पण तिला कुणी विचारलं नव्हतं, म्हणून कुणाला ठाऊक नव्हतं.

आयानं उठून तिला खुर्ची दिली. बाई शेजारी बसल्या आणि एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाला भरवावा तसं बोलल्या. तुम्ही शेजारी आहात, छान. हिची सासू डाइड लास्ट इयर. तुम्ही त्यांना ओळखत होतात?

म्हातारीनं सुनेकडं बघितलं. फार नाही, सुईत दोरा जाईल एवढाच वेळ. मग बाईंकडं वळली.

"येस," म्हणाली. "डाइड."

व्हेरी अँग्री वुमन? बाईंनी विचारलं.

"येस. अँग्री."

आणि डिड नॉट वर्क?

म्हातारीनं उजवं मनगट मांडीवर डाव्या हाताखाली झाकून घेतलं.

"नो वर्क," ती म्हणाली.

बाईंनी टाळ्या वाजवल्या. इतकं छान इंग्रजी, तुम्हीपण वर्गात या, म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुनेनंही दोन वाजवल्या, कारण न वाजवणं आणखी दिसलं असतं. ते दोन हात कुठं ठेवावेत हे तिला वर्ग सुटेपर्यंत कळलं नाही.

रस्त्यानं म्हातारी पुढं चालली, ही मागं. चौकात गाड्यांसाठी थांबावं लागलं तेव्हा दोघी शेजारी आल्या.

"कशानं गेले मी?"

"आत्या..."

"विचारते आहे. कशानं?"

"ते नाही सांगितलं. शब्द येत नव्हता."

"बरं झालं. नाहीतर तेवढं दुखणं आणखी काढावं लागलं असतं." गाड्या जात होत्या. "मारायचंच होतं तर सासऱ्याला मारायचं होतंस. तो आधीच गेलेला, त्याला काय फरक पडत होता?"

सुनेला हसायला आलं, तशी तिनं तोंड फिरवलं.

"ते नुसतं वाक्य होतं आत्या. फळ्यावर तेवढाच शब्द उरला होता."

"असेल. आणि मी काम करत नव्हते, तेही फळ्यावर उरलं होतं?"

समोरची गाडी जाऊन वाट मोकळी झाली होती तरी म्हातारी हलली नाही.

"त्या माझी कीव करायच्या," सून म्हणाली. "मला बरं वाटायचं."

"हां. हे खरं बोललीस." म्हातारीनं रस्त्यावर पाय टाकला. "शेजारीण म्हणालीस तेव्हा माझ्या ओठांवर खरं आलं होतं, मराठीत. चारचौघांत तुझं नाक कापलं असतं मी. पण तिथं माझ्या मुलाशी लग्न झालेली बाई उभी होती."

घरी येऊन तिनं कुलूप काढलं, ठेवणीतले कपडे उतरवून घडी करून ठेवले आणि कामाला लागली. त्यावर पुन्हा एक अक्षर बोलली नाही. मुलाचा फोन आला तर त्यालाही, सगळं बरं आहे, म्हणाली. फक्त सुनेचं घोकणं सुरू झालं की उठून पडद्याआड जायला लागली. त्यामुळं घोकणं आपोआप बंद पडलं आणि दुकानात नुसता इस्त्रीचा आवाज राहिला.

सोमवारी तीन वाजायला आले. म्हातारी जा म्हणाली नाही. तिनं नुसती इस्त्री घ्यायला हात पुढं केला. सुनेनं ती दिली नाही.

"मी नाही जात आजपासून."

"का? काम होत नाही का माझ्याच्यानं?" म्हातारी म्हणाली, आणि इस्त्री काढून घेतली.

सून गेली. पंख्याखालच्या जागेवर बसली नाही, दारापाशी उभी राहिली. बाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या.

"टीचर," ती म्हणाली. "माय मदर-इन-लॉ नॉट डेड."

बाई वळल्या.

"नेबर नॉट नेबर. नेबर इज मदर-इन-लॉ." शब्द एकापुढं एक उभे राहत नव्हते. ती त्यांना ढकलत होती. "शी वर्क्स. एव्हरी डे. हर हँड..." सूज हा शब्द नव्हता, म्हणून तिनं आपलंच मनगट धरून दाखवलं. "शी वर्क्स, आय कम हियर. आय टोल्ड लाय. मेनी लाय."

बेकरीवाला हसायला लागला आणि गप्प झाला. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्यांना राग आला असेल तर तो दिसला नाही, आणि तेच वाईट होतं. मग त्या म्हणाल्या, थँक यू. सिट डाउन. आणि पान उघडायला सांगितलं.

रिकामी जागा आयाशेजारी होती. ती तिथं बसायला गेली तशी आयानं डबा उचलून पलीकडच्या बाजूला ठेवला. तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. वॉचमननं तेवढ्यात आपलं पुस्तक तिच्याकडं सरकवलं, पण तिला त्यातलं अक्षर दिसत नव्हतं. पाळी आली तेव्हा बाईंनी तिला वगळलं नाही. विचारलं. तिला आलं नाही. पुन्हा विचारलं. ती उभीच राहिली, सगळ्यांसमोर.

दुकानात आली तेव्हा म्हातारी गेस्ट हाऊसच्या उशांचे अभ्रे ओढत होती. मनगटाचं फडकं सुटून टेबलावर लोंबत होतं.

"सांगितलं आत्या."

म्हातारीनं अभ्र्याचा कोपरा नीट केला. "कशात?"

"इंग्रजीत."

"कळलं त्यांना?"

"कळलं."

"मग काय म्हणाल्या?"

"बस म्हणाल्या. आया बोलली नाही."

"कशाला बोलेल? रडली असेल ना ती माझ्यासाठी." म्हातारीनं इस्त्री उभी केली आणि बाजूला झाली. तिच्या आवाजात अजून काही आलेलं नव्हतं, ना राग ना माया. "पडदे आलेत. दमट आहेत, आत्ताच ओढले तर चुण्या निघतील. आधी शिवणीकडून ओढ, मग मधून."

सुनेनं हात पुसले आणि पहिला पडदा टेबलावर पसरला.